डबकं सुकेपर्यंत

पावसाची एक सर येऊन गेली होती. दारासमोरच्या सिमेंटच्या पायरीवर मधोमध थोडा खोलगट भाग आहे, तिथे हातभर लांबीचं डबकं साचलं होतं. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. डबक्याच्या काठाशी उकिडवी बसून ती एक वाळकी काडी पाण्यात फिरवत होती. नंतर ऊन पडलं. संध्याकाळी ती पुन्हा पायरीवर गेली आणि तिथूनच ओरडली, "आई, जमीन पाणी पितेय! तिला तहान लागलीय."

उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं. ऊन, वाफ, ढग, पाऊस आणि पुन्हा ऊन, असं बाण काढलेलं ते गोल चित्र आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात असतं. मूल घरी शिकवायचं ठरवलेल्या आईला तर असा क्षण म्हणजे आयता चालून आलेला धडा. मी बोलणारच होते, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. तिचं वाक्य चुकीचं होतं, पण त्यामागचा विचार धड होता. पाणी कमी झालंय, म्हणजे ते कुठेतरी गेलंय. खाली जमीन आहे, म्हणजे ते जमिनीत गेलंय. मातीतल्या डबक्याबद्दल ती असं म्हणाली असती तर निम्मं बरोबरही ठरलं असतं. मी त्यावर माझं गोल चित्र चिकटवलं असतं, तर तिने ते निमूट ऐकून घेतलं असतं आणि स्वतःचा विचार तिथेच सोडून दिला असता.

मी फक्त खडू आणून दिला आणि पाण्याच्या कडेकडेने रेघ ओढायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेघेच्या आत बोटभर कोरडी पट्टी दिसत होती. तिने नवी रेघ ओढली. दुपारपर्यंत एकात एक अशा चार रेघा झाल्या आणि मधे तळहाताएवढं पाणी उरलं. तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, "ताटलीला तहान लागते का गं?" ती हसून "नाही" म्हणाली. मग आम्ही एका स्टीलच्या ताटलीत थोडं पाणी घेतलं आणि ती डबक्याशेजारी ठेवून दिली.

दोन दिवसांनी ताटली कोरडी झाली. तिने ती उचलली, उलटी केली, खालून तळहात फिरवून पाहिला, मग ताटलीखालची पायरीही चाचपली. सगळं कोरडं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग गेलं कुठे?"

आता तो प्रश्न तिचा झाला होता, म्हणून आता मी सांगितलं. पाणी हळूहळू हवेत मिसळतं, त्याचे कण इतके बारीक असतात की आपल्याला दिसत नाहीत. तिने मान वर करून हवेकडे पाहिलं. पटलं असावं, पण अर्धंच. तीन-एक आठवडे गेले. एके दिवशी दोरीवर वाळत घातलेल्या तिच्याच फ्रॉकची बाही चिमटीत धरून ती म्हणाली, "यातलं पाणीपण हवेत चाललंय ना?" बाष्पीभवन हा शब्द मी तिला त्या दिवशी दिला. तो तिला लगेच पेलला, कारण ठेवायला जागा आधीच झाली होती.

लहान मुलाचं रोजचं बाहेरचं जगणं घरच्या शिक्षणाचा पाया होऊ शकतं का, या प्रश्नावर मला जे म्हणायचंय ते बहुतेक सगळं या डबक्यात आहे. हा प्रकार तीन आठवडे चालला आणि त्यात माझी मेहनत सगळी मिळून पंधरा मिनिटांची होती. समजावून सांगण्याचा वाटा त्यात अगदी थोडा. खरं काम केलं ते त्याच जागी पुन्हा जाण्याने. अनुभव सगळ्याच मुलांना येतात. त्यातल्या एखाद्याकडे मूल दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वळतं आणि दर वेळी पहिल्यापेक्षा थोडं वेगळं काही पाहतं, तेव्हा त्या अनुभवाचं शिक्षण होतं. पालकाने जपायची गोष्ट ही परतवाट आहे.

या विषयावर बोलणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन पक्ष दिसतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. एक पक्ष म्हणतो, मुलाला मोकळं सोडा, मातीत लोळू द्या, ते आपोआप शिकतं. दुसरा म्हणतो, प्रत्येक फेरफटका म्हणजे संधी आहे, ती वाया घालवू नका. झाडं मोजा, रंग विचारा, घरी आल्यावर चित्र काढून घ्या. पहिल्याला मुलावर भलताच भरवसा आहे, दुसऱ्याला अजिबात नाही.

'आपोआप'वाल्यांना अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १९३८ साली दिलेलं उत्तर मला अजून पुरेसं वाटतं. अनुभवातून शिकणं म्हणजे शिक्षण, हे मत आयुष्यभर मांडणाऱ्या माणसानेच बजावून सांगितलं की सगळे अनुभव सारखेच शिकवत नाहीत. काही अनुभव तर पुढची वाढ खुंटवतात. अनुभवाची किंमत ठरते ती तो पुढच्या अनुभवाला जोडला जातो का यावर. आपोआप शिकणारं मूल डबक्यात उड्या मारून घरी येईल, पुढच्या पावसात पुन्हा उड्या मारेल. त्यात आनंद आहे, शरीराला व्यायाम आहे, आणि तेवढ्यासाठीही मी त्याला रोज बाहेर पाठवेन. पण जमीन तहानलेली आहे हे त्याचं मत दहाव्या पावसातही तसंच राहील, कारण त्या मताला ताटली दाखवणारं कोणी नसेल.

दुसऱ्या पक्षात मी स्वतः वर्षभर होते, म्हणून त्याच्याबद्दल मला जास्त सांगायचंय.

मुलगी चार वर्षांची असताना रस्त्याने चालता चालता पानं वेचायची. खिसे भरायचे, मुठी भरायच्या. मला ते पाहून हुरूप आला. मी एक तक्ता केला. आकार, कडा, शिरा, रंग असे रकाने पाडले, प्रत्येक नव्या पानाला एक चांदणीचं स्टिकर. पहिले काही दिवस तक्ता भराभर भरला. मी मनातून खूष होते, कारण दाखवायला काहीतरी होतं. महिनाभराने एकदा बाहेर पडताना तिने चपला घालता घालता विचारलं, "आज किती पानं आणायची आहेत?" त्या वाक्याने मला आतून हलवलं. ज्या गोष्टीसाठी ती धावत सुटायची, ती आता माझी झाली होती आणि तिच्यावर सोपवलेली होती. पुढे तिने पानं उचलणंच सोडलं. तक्ता मी काढून टाकला, पण ती हौस परत यायला बरेच महिने गेले.

पुढे कळलं की असं का होतं याचा अभ्यास फार पूर्वीच झालेला आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली तीन ते पाच वर्षांची बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी बक्षिसाचा विषयही नसताना ही मुलं मोकळ्या वेळात काय करतात ते पाहिलं. प्रमाणपत्राच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं आता इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रकलेला देत होती. माझी चांदणी म्हणजे तेच प्रमाणपत्र.

बक्षीस सोडा, नुसतं शिकवणंसुद्धा जपून करावं लागतं. एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०११ सालचा एक प्रयोग आहे. मुलांपुढे एक खेळणं ठेवलं, त्यात चार गमती दडलेल्या होत्या. एका गटाला मोठ्या माणसाने मुद्दाम शिकवल्यासारखं दाखवलं, "हे बघ, हे असं चालतं," आणि एकच गंमत दाखवली. दुसऱ्या गटात तीच गंमत सहज, चुकून झाल्यासारखी घडली. शिकवलेल्या मुलांनी दाखवलेली गोष्ट नीट केली, पण खेळणं कमी वेळ हाताळलं आणि बाकीच्या गमती त्यांना कमी सापडल्या. त्यात त्या मुलांचं काही चुकलं नव्हतं. जाणत्या माणसाने मुद्दाम एकच गोष्ट दाखवली, म्हणजे दाखवण्यासारखं तेवढंच असणार, हा त्यांचा अंदाज अगदी शहाणपणाचा होता. आपण फुलाकडे बोट दाखवून "हे बघ, याला पाच पाकळ्या" म्हणतो, तेव्हा मूलही तोच अंदाज बांधतं. पाच पाकळ्या झाल्या, आता फूल संपलं.

यावरून शिकवूच नये असा अर्थ मी काढत नाही. ताटलीचा प्रश्न मीच विचारला होता आणि पाणी हवेत जातं हेही मीच सांगितलं. मुद्दा कधी सांगायचं हा आहे. मुलाने स्वतःहून दुसऱ्यांदा त्या गोष्टीकडे पाहिल्यानंतर सांगावं, ही मी स्वतःपुरती बांधलेली मर्यादा आहे आणि ती बहुतेक वेळा कामी आली आहे. शार्लट मेसन या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवलंय की सहा वर्षांपर्यंत मुलांना औपचारिक धडे देऊ नयेत, दिवसाचे पुष्कळ तास त्यांनी उघड्यावर काढावेत आणि तिथे आईने फार बोलू नये. यातलं बाहेर राहण्याचं आजच्या पालकांनी उत्साहाने उचललं. फार न बोलण्याचं जरा मागे पडलं.

मग बाहेर गेल्यावर मोठ्याने करायचं काय? मूल कुठे बघतंय ते बघायचं. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. आपण फुलपाखराकडे बोट दाखवत असतो आणि मूल भिंतीच्या बुडाशी मुंग्या बघत असतं. टोमासेलो आणि फरार या संशोधकांनी १९८६ साली दीड वर्षाच्या आसपासच्या मुलांवर केलेल्या कामात हेच दिसलं होतं. मूल आधीच ज्या वस्तूकडे बघतंय तिचं नाव सांगितलं तर तो शब्द त्याला चांगला येतो, आणि त्याचं लक्ष दुसरीकडे ओढून नाव सांगितलं तर तितका येत नाही. भाषा शिकवायची असेल तर आधी मुलाच्या नजरेचा माग काढावा लागतो.

त्या मुंग्यांचंच सांगते. भिंतीवर त्यांची रांग चालली होती आणि पाच-सहा मुंग्यांनी मिळून कुठल्याशा किड्याचा पंख उभा धरला होता, शिडासारखा. वारा आला की पंख कलायचा आणि अख्खा ताफा बाजूला सरकायचा. मुलीने बोट जिभेला लावून ओलं केलं आणि रांगेच्या पुढच्या बाजूला भिंतीवर आडवं घासलं. खोडीच होती ती, प्रयोग नव्हता. पण रांग थांबली. मुंग्या त्या ओल्या पट्ट्याशी यायच्या, मिशा हलवायच्या, मागे फिरायच्या, मागून येणारीला धडकायच्या. मिनिटभर नुसता गोंधळ. मग एक मुंगी पट्टा ओलांडून गेली, तिच्यामागून दुसरी, आणि रांग पुन्हा जुळली. "त्यांना रस्ता दिसेना," ती म्हणाली. मी म्हटलं, "रस्ता दिसतो की वास येतो?" तिने भिंतीला नाक लावून लांब श्वास घेतला. तिला अर्थातच काही आलं नाही. मुंग्या चालताना मागे वासाची खूण सोडतात आणि बाकीच्या त्या खुणेवरून येतात, हे मग मी सांगितलं. ओल्या बोटाने ती खूण पुसली होती. पुढचा आठवडाभर दर मुंग्यांच्या रांगेला तिचं बोट लागलं. कोरडं बोट चालतं का, पान आडवं ठेवलं तर काय होतं, मधेच एक खडा ठेवला तर? मी एकही प्रश्न सुचवला नाही. या सगळ्याला प्रयोगशाळेत 'चल', म्हणजे बदलता येणारी एकेक गोष्ट, बदलून पाहणं म्हणतात, आणि त्यासाठी तिला भिंत आणि बोट पुरलं.

गणितही असंच येतं. घरापासून कोपऱ्यापर्यंत आम्ही दोघी पावलं मोजत गेलो. माझी चाळीस भरली, तिची अठ्ठ्याहत्तर. तिला वाटलं तिचा आकडा मोठा म्हणजे ती जिंकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिने मुद्दाम ढांगा टाकल्या आणि आकडा एकावन्नवर आला, तेव्हा ती रस्त्यातच उभी राहिली. रस्ता तोच, पाऊल मोठं झालं की आकडा लहान होतो. मोजायचं माप वाढलं की मोजणी घटते, ही कल्पना कागदावर बऱ्याच मोठ्या मुलांना अडते. तिला ती पायातून समजली. पण पहिल्याच दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी. मी पहिल्या दिवशीच "कारण तुझं पाऊल लहान आहे" असं म्हटलं असतं, तर तिसरा दिवस उजाडलाच नसता.

आणि चंद्र. तो आपल्याबरोबर चालतो असं लहान मुलांना वाटतं, याची नोंद मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. माझ्या मुलीलाही तसंच वाटे. मी खोडून काढलं नाही. एका संध्याकाळी आम्ही दोघी विरुद्ध दिशांना चालत गेलो आणि मधे भेटल्यावर तिने विचारलं, "तुझ्याबरोबर आला की माझ्याबरोबर?" दोघींबरोबर आला होता. त्याचा अर्थ तिला त्या दिवशी लागला नाही, आणि घाई कुणाला होती?

या सगळ्यात घरी शिकण्याचं खरं बळ कशात आहे ते मला हळूहळू कळलं. पालकाला जास्त येतं म्हणून नाही, शाळेतल्या बाईंना माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त येत असतं. बळ आहे ते आठवणीत. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज या संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीस लहान मुलींचं, सगळ्या चारच्या आसपासच्या, घरातलं आणि बालवाडीतलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं होतं. घरी त्या मुली तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत, बालवाडीत २. बालवाडी वाईट नव्हती, शिक्षिका मायाळू होत्या. पण घरी आईला माहीत असतं की काल काय झालं, हे 'ते' म्हणजे कुठलं, मागच्या आठवड्यात रडू कशावरून आलं. म्हणून चार वर्षांचं मूल अर्धवट वाक्य बोललं तरी संवाद पुढे सरकतो. परत जाण्यासाठी, आधी कुठे होतो हे कुणीतरी लक्षात ठेवावं लागतं. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात, जमीन तहानलेली आहे असं कोण म्हणालं होतं हे तीन आठवडे मनात धरून ठेवणं कुणाही शिक्षकाला शक्य नाही. त्यात त्यांचा दोष नाही. आणि मूल शाळेत जात असलं तरी ही आठवण घरात असतेच. म्हणून मी हे फक्त होमस्कूलिंग करणाऱ्यांसाठी लिहीत नाही.

बालशिक्षणातल्या जुन्या माणसांना हे उमगलेलं होतं. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या लहान मुलांच्या संस्थेला 'मुलांची बाग' असं नाव दिलं ते नुसतं गोड वाटावं म्हणून नाही. तिथे खरीखुरी बाग होती आणि प्रत्येक मुलाचा स्वतःचा वाफा होता. वाफा म्हणजे परत जाण्याची सक्तीच, रोज गेलं नाही तर रोप मरतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, त्यामागेही मला हीच दृष्टी दिसते. मुलाचा दिवस जिथे जातो तिथे शिक्षणाने जायचं.

आता ज्या गोष्टी बाहेर शिकता येत नाहीत त्यांबद्दलही तितकंच स्पष्ट बोललं पाहिजे, कारण होमस्कूलिंगच्या उत्साहात इथे मोठी गफलत होते. वाचन झाडाखाली आपोआप येत नाही. बोलणं मूल ऐकून ऐकून उचलतं, पण लिपी ही माणसाने केलेली गोष्ट आहे आणि अक्षर-ध्वनीची सांगड बहुतेक मुलांना बसून, क्रमाने, रोज थोडी थोडी शिकवावी लागते. दशमान पद्धतीचंही तेच. होमस्कूलिंगचा पुरस्कार करणारे अमेरिकन लेखक जॉन होल्ट यांच्या विचाराने प्रभावित झालेले काही पालक मुलाने मागितल्याशिवाय काहीच शिकवायचं नाही म्हणतात. शिकण्याच्या बाबतीत होल्ट यांचा मुलांवर असलेला विश्वास मला मोलाचा वाटतो, पण वाचनाच्या बाबतीत असं वाट बघत बसणं मला धोक्याचं वाटतं. काही मुलं मागतच नाहीत, आणि एखाद्याला वाचनात खरीच अडचण असेल तर ती उशिरा लक्षात येते. आमच्याकडे रोज सकाळी वीस मिनिटं पाटी असते. ती चुकत नाही, तिला खेळाचं रूप द्यायचा मी प्रयत्नही करत नाही. बाहेरचं जग त्या अक्षरांना अर्थ पुरवतं, अक्षरं पुरवत नाही.

उलट बाहेर राहण्याचा एक फायदा असा आहे की ज्याला कुठलाही धडा लागत नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटं जादा मोकळ्या जागेत घालवायची होती. तीन वर्षांत त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना लघुदृष्टी, म्हणजे लांबचं अंधुक दिसणं, आली, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. घरातल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतो, ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर तो कित्येक पट असतो. पान मोजा नाहीतर मोजू नका, डोळ्यांचं भलं होतच असतं.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो खरा आहे. हे सगळं करायला घरात एक मोठं माणूस मोकळं असावं लागतं. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे आई, आणि तिच्या नोकरीची, कमाईची, स्वतःच्या वेळेची किंमत कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. माझ्याही घरात हे झालं आणि ते सोपं नव्हतं. म्हणून जी बाई "मला हे जमणार नाही" म्हणते तिला कमी लेखणाऱ्यांची मला मनापासून चीड येते. पण जंगल, डोंगर, शेत असलं तरच बाहेरचं शिक्षण होतं, हा समज मात्र खोडून काढला पाहिजे. पायरीवरचं डबकं, भिंतीवरच्या मुंग्या, फरशीच्या फटीतलं शेवाळ, सकाळी लांब आणि दुपारी पायाशी येणारी सावली एवढं जवळपास प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतं. आणि वेळ? संध्याकाळची दहा मिनिटं, त्याच जागी, पुन्हा पुन्हा. दर रविवारी नव्या ठिकाणी नेण्यापेक्षा हे मला कितीतरी जास्त फळलं.

मूल शाळेतून बाहेर काढणाऱ्याने जबाबदारीही घ्यायला हवी. "ती निसर्गात शिकते" हे नातेवाइकांना सांगायला ठीक आहे, पण ते उत्तर नव्हे. मुलाच्या शिक्षणाबद्दल विचारण्याचा समाजाला हक्क आहे आणि तो मला मान्य आहे. माझी हरकत आहे ती पुराव्याच्या ठरावीक साच्याला. भरलेले तक्ते, रंगवलेली चित्रं, टिकमार्क केलेली यादी हा पालकाच्या मेहनतीचा पुरावा होतो, मुलाच्या समजेचा होत नाही. मी एक साधी वही ठेवते. तारीख, आणि मुलीचं वाक्य जसंच्या तसं, तिच्याच शब्दांत. चुकीचं असलं तरी. "जमीन पाणी पितेय" आणि "यातलं पाणीपण हवेत चाललंय ना" या दोन वाक्यांमधे वहीची काही पानं आहेत. कुणी मला ती काय शिकली असं विचारलं तर मी ती दोन पानं उघडून समोर ठेवते. तपासणाऱ्याने मुलाला प्रत्यक्ष बोलतं करावं, आणखी चांगलं. पण त्यासाठी त्याला उकिडवं बसावं लागेल.

कुठला धागा सोडायचा हेही वही सांगते. सगळीकडे परत जाता येत नाही, जाऊही नये. मुलीने बियांचा एक डबा मोठ्या हौसेने भरला आणि पुन्हा उघडला नाही. मी आठवण केली नाही. जी गोष्ट तिला स्वतःहून बोलावत नाही तिथे मी ढकलायला लागले, की तक्ता परत येणार.

सध्या वहीच्या शेवटच्या पानावर एक गोगलगाय आहे. मागच्या भिंतीला, मुलीच्या खांद्याएवढ्या उंचीवर ती चिकटून बसलीय, शंखाचं तोंड वाळलेल्या पातळ पापुद्र्याने बंद. मुलीने भोवती खडूने गोल काढला आणि मला तारीख लिहायला लावली. रोज सकाळी जाऊन बघते, गोल आणि गोगलगाय तिथेच. "झोपलीय की मेलीय?" असं तिने दोनदा विचारलं. कोरड्या दिवसांत गोगलगायी अशाच स्वतःला कोंडून घेतात आणि ओल मिळाली की बाहेर येतात, एवढं मला माहीत आहे. ही जिवंत आहे का, ते मला माहीत नाही, आणि तसंच मी तिला सांगितलं. तिने विचार करून ठरवलं की पाऊस आला की कळेल. आज एकोणिसावा दिवस आहे. पाऊस अजून आलेला नाही.